आत्याबाईचं खोकं

आत्याला कारखान्यात सव्वीस वर्षं झाली होती आणि या सव्वीस वर्षांत ती साहेबांसमोर एकदाही बसली नव्हती. तशी बसायची, रोज बसायची, पण साहेबांसमोर नाही. हा फरक ज्याला कळला त्याला पुढची गोष्ट कळायला वेळ लागणार नाही.

कारखाना पाण्याच्या पंपांचा. आत्याचं काम सांगायला सोपं. पंपाच्या तोंडावर रबरी वॉशर बसवायचा, वर झाकण ठेवायचं आणि हवेच्या बंदुकीनं सहा नट आवळायचे. तासाला बत्तीस पंप. खात्यात बारा टेबलं, बारा माणसं, आणि भिंतीवर लाल अक्षरांत पाटी: ‘काम उभ्यानेच करावे.’ बसलेला माणूस झोपतो, असं कुठल्याशा जुन्या साहेबाचं मत होतं म्हणे. साहेब केव्हाच गेला, पाटी तेवढी राहिली.

पण पाटी वाचतात डोळे, आणि दुखतात गुडघे. बेअरिंगं ज्या लाकडी खोक्यांतून यायची, त्यातलं एकेक खोकं प्रत्येकानं आपल्या पाठीमागच्या रॅकखाली सरकवून ठेवलं होतं. खोक्याला दोरीचा फास. दोन-तीन पंप उभ्यानं झाले की उजवा पाय मागे न्यायचा, फासात अडकवून खोकं पुढे ओढायचं आणि टेकायचं. मागे बघायचं नाही, हात थांबवायचे नाहीत. पुढचे दोन पंप बसून. दाराशी साहेब दिसला की दाराजवळच्या टेबलावरचे तात्या हातातला पाना लोखंडी बादलीत सोडायचे. टण्ण! बारा टाचा एकदम मागे जायच्या, बारा खोकी रॅकखाली, आणि बारा माणसं अशी ताठ की जणू राष्ट्रगीत चाललंय. साहेब खूश होऊन जायचे. आत्याच्या खोक्यावर तर गादीसुद्धा होती, जुने फाटके हातमोजे जोडून तिनं स्वतः शिवलेली.

तर सगळं असं सुखात चाललं होतं आणि नवी इमारत निघाली. वर्षभरात जुनं खातं पाडून नवं बांधायचं. आणि ते बांधण्याआधी म्हणे कॉम्प्युटरमध्ये बांधायचं, माणसांना त्यात काम करायला लावायचं, आणि मग टेबल किती उंच, रॅक कुठे, उजेड कसा, हे ठरवायचं. त्यासाठी बाहेरून एक इंजिनियर बाई आल्या. या इंजिनियर बाई म्हणजे आत्याची सख्खी भाची. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे. आता ती चोवीस तास कॉम्प्युटरसमोर एका जागी बसायची, पण नाव काही सुटलं नाही. दोन महिन्यांचं काम, म्हणून ती आत्याकडेच उतरली होती.

“आत्या, कारखान्यात मला भिंगरी म्हणायचं नाही हं,” तिनं पहिल्याच दिवशी बजावलं.

“बरं, इंजिनियर बाई. आणि तुम्ही जेवलेलं ताट उचलून ठेवायचं हं,” आत्या म्हणाली.

जुन्या गोदामाची एक खोली रिकामी करून भिंगरीनं आपलं सामान मांडलं. खात्यातल्यांनी त्या खोलीचं नाव ठेवलं सिनेमाघर. डोळ्यांवर एक जाडजूड टोप चढवायचा, हातात मोजे घालायचे, कोपर, गुडघे, घोटे यांना पट्टे बांधायचे. पट्ट्यांची वायर जमिनीवरून कॉम्प्युटरपर्यंत. टोप घातला की समोर नवं खातं उभं. हात उचलला की तिथला हात उचलतो, वाकलं की तिथली बाहुली वाकते, आणि मोठ्या पडद्यावर ते सगळं बाकीच्यांना दिसतं. समोर खरं एक टेबल, त्यावर खरे पंप. बाकी सगळा हवेतला महाल.

“समज, रॅक चार बोटं वर नेला तर?” भिंगरी समजावून सांगत होती. “समज, टेबल पुढे घेतलं तर? समज—”

“समज आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,” आत्या म्हणाली. खातं खो खो हसलं.

भिंगरी चिडली नाही. “तेच तर! माझ्या मशीनमध्ये आत्याबाईला मिशा लावून बघता येतात. वाईट दिसल्या तर काढूनही टाकता येतात. एकदा भिंत बांधली की मग काही काढता येत नाही. म्हणून म्हणते, रोज जसं काम करता तसंच करून दाखवा.”

रोज करता तसंच! ऐकायला किती सोपं. पण साहेबांनी त्याआधी एक वाक्य टाकून ठेवलं होतं: नव्या खात्यात ज्यांना झेपणार नाही त्यांची दुसरीकडे सोय बघू. आता ‘दुसरीकडे सोय’ म्हणजे काय ते कारखान्यात काम केलेल्याला सांगायला नको. आत्याला निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि तिचा डावा गुडघा गेली चार वर्षं कुरकुरत होता. खोकं होतं म्हणून निभत होतं. ही गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नव्हती, भिंगरीला तर नाहीच. तीन वर्षं काढायची आणि मानानं बाहेर पडायचं, एवढीच तिची इच्छा होती.

मग जेवणाच्या सुट्टीत तात्यांनी फर्मान काढलं. “खोक्याचं नाव कोणी काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्या टोपात जो वाकेल, दमेल, कण्हेल, त्यानं आपली सोय आपण बघावी.”

झालं. बाराच्या बारा जण सिनेमाघरात असे काम करून आले की काही विचारू नका. साठीला टेकलेले तात्या आत गेले आणि असे झपाझपा नट आवळायला लागले की जणू बघायला मुलीकडची मंडळी आली आहेत. बाहेर आल्यावर अर्धा तास नळाखाली मान धरून होते. आत्याही पंचवीस मिनिटं ताठ उभी राहिली. गुडघा आतून ओरडत होता, आणि चेहरा असा की जणू बागेत फिरायला आलीये. निघताना ती भाचीला म्हणाली, “एवढंच होय? मला वाटलं काही काम असेल.”

आठवड्यानं भिंगरी उड्या मारत घरी आली. हात न धुताच तिनं ताटाशेजारी लॅपटॉप उघडला.

“आत्या, रिपोर्ट आला. तुम्ही लोक म्हणजे कमाल आहात! सगळ्यांना दिवसभर उभ्यानं काम झेपतंय. मशीन म्हणतंय, रॅक आणखी वर नेता येईल, आणि तासाला बत्तीसच्या जागी चाळीस पंप सहज निघतील. आणि सगळ्यात उत्तम कोण माहितीय? तू! नव्या खात्याची टेबलं तुझ्या मापानं बनणार.”

आत्याचा घास हातातच राहिला. तासाला चाळीस. उभ्यानं. आणि तेही तिच्याच मापानं! माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो हे ती ऐकून होती, पण धोंडा असा मोजून-मापून, पट्टे बांधून पाडून घेतलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला. आणि धोंडा पडला होता तोही नेमका डाव्या गुडघ्यावर.

“एक गंमत बघ पण,” भिंगरी म्हणाली. पडद्यावर आत्याची बाहुली काम करत होती. चार-पाच मिनिटांनी तिचा उजवा पाय मागे गेला, हवेत काहीतरी चाचपलं आणि झटक्यानं पुढे आला. “बारापैकी नऊ जणांचा पाय असा मागे जातो. कशाला जातो काही कळेना. घोट्याचे पट्टे सैल असणार. मी तेवढं पुसून टाकलंय.”

“पुसलंस?”

“मशीनचाच दोष, आत्या. माणसं कशाला उगाच मागे लाथा मारतील?”

आत्या एवढंच म्हणाली, “जेव आधी. गार होतंय.”

दुसऱ्या दिवशी तिनं तात्यांना गाठलं आणि चाळीसचा आकडा सांगितला. तात्यांची पाचावर धारण बसली, पण हट्ट काही सुटेना. “आता बोलून काय? खोकी तर जातीलच, वर सव्वीस वर्षं फसवलं म्हणून सगळ्यांची झाडाझडती. तू तोंड उघडलंस तर बारा जण गेले म्हणून समज.” बोलावं तर सगळ्यांचं जातं, न बोलावं तर आपला गुडघा जातो. आत्यानं आपलं नेहमीचं ठरवलं: बघू, काहीतरी होईल.

झालंच.

शेवटच्या तपासणीला खुद्द साहेब आले. नव्या खात्याचं काम पूर्ण तासभर दाखवायचं होतं, आणि ते दाखवायला उत्तम कामगार म्हणून अर्थात आत्या. साहेब खुर्चीत, भिंगरी कॉम्प्युटरशी, तात्या आणि चार जण भिंतीला टेकून. आत्यानं टोप चढवला.

एक सांगायला हवं, नवं खातं सुंदर होतं. उजेड कसा स्वच्छ, हवेची बंदूक हाताशी अलगद येणारी. पंधरा-वीस मिनिटांत आत्या खरोखरच तिथली झाली. साहेब विसरली, टोप विसरली. फक्त गुडघा काही तिला विसरला नाही. एक पंप, दोन पंप, तीन पंप, आणि उजवा पाय आपसूक मागे गेला. पाय मागे चाचपडला. तिथे जमिनीवर पट्ट्यांची वायर पडली होती. पायात वायर अडकली, थोडी ओढ लागली, अगदी दोरीसारखी. सव्वीस वर्षांचा विश्वास! आत्यानं वायर पुढे ओढली, हात नटांवरच ठेवले आणि मजेत टेकली.

धप्प!

वायर निघून पडदा काळा झाला. आत्या जमिनीवर, पाय पसरून, डोळ्यांवर टोप, हातात नट. भिंतीपाशी कोणीतरी फिस्सकन हसलं आणि साहेब उठून उभे राहिले.

“काय झालं? लागलं का?”

“चक्कर, साहेब!” तात्या पुढे धावले. “वय झालं, चक्कर आली तिला.”

टोपाच्या अंधारात आत्यानं ते ऐकलं. चक्कर आली म्हटलं की बारा जणांची खोकी वाचत होती आणि तिची मात्र ‘दुसरीकडे सोय’ नक्की होत होती. तिनं टोप काढला. समोर भिंगरी गुडघ्यावर बसली होती, पांढरीफटक, आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, “आत्या!” कारखान्यात घरची नावं घ्यायची नाहीत हा नियम तिनंच केला होता.

“चक्कर-बिक्कर काही नाही, साहेब,” आत्या जमिनीवरूनच म्हणाली. “मला वाटलं खोकं आहे.”

“कसलं खोकं?”

“बसायचं. रोज बसते त्यावर. तुम्ही आलात की टाचेनं आत ढकलते.” मग तिला तात्यांचा चेहरा दिसला आणि ती म्हणाली, “मी माझं सांगतेय. बाकीच्यांचं मला माहीत नाही.”

पण साहेब काही दूधखुळे नव्हते. ते तडक खात्याकडे निघाले, मागोमाग बाकी सगळे. तात्या सिनेमाघरात गेल्यामुळे त्यांच्या टेबलावर होता बदली माणूस, पण सवय ती सवय. साहेब दारात, आणि टण्ण! साहेबांनी उभ्या-उभ्या खोक्यांचा तो खडखडाट आयुष्यात पहिल्यांदा कान देऊन ऐकला. मग वाकून त्यांनी आत्याच्या रॅकखालून खोकं ओढलं आणि हातमोज्यांची गादी बोटानं दाबून बघितली.

“म्हणजे तासाला बत्तीस पंप निघत होते ते बसून?”

“बसून-उठून, साहेब,” आत्या म्हणाली.

गोष्टीतला साहेब असता तर तिथेच विरघळला असता. हा साहेब खरा होता. त्यानं खोक्याचा वर आलेला खिळा बघितला, कोणी पडलं तर जबाबदार कोण म्हणाला, आणि बाराही खोकी गोदामात जमा करायला लावली. तपासणी पुढे ढकलली. पाटी होती तिथेच राहिली.

पुढचे आठ दिवस आत्याशी खात्यात कोणी धड बोललं नाही. तात्या तर तिच्या देखत भिंतीला सांगायचे, “घरचा भेदी लंका दहन.” आत्या ऐकून घ्यायची. उलट बोलायला उभं राहण्यातून जोर तर उरला पाहिजे! तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती घरी दारातच बसली, जिना चढवेना. भिंगरी मागून आली आणि तिनं पहिल्यांदा तो गुडघा पाहिला. नारळाएवढा.

“केव्हापासून?”

“झाली चार वर्षं.”

“आणि मला सांगितलं नाहीस? मी दोन महिने तुझ्या घरात राहतेय, तुझ्या हातचं खातेय, आणि—” तिला रडू फुटलं. “मी तुझ्या गुडघ्याला पट्टा बांधला, आत्या! माझ्या हातानं बांधला. मशीनला विचारलं, तुला विचारलं नाही.”

“अगं, विचारलं असतंस तरी कुठे सांगणार होते? बागेत फिरायला आल्यासारखा चेहरा केला होता की मी.” आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. “आम्ही सगळे खोटे वागलो, त्याला तुझं मशीन तरी काय करणार? पाय तेवढा खरं बोलला, तो तू पुसलास.”

भिंगरी रडता रडता हसली. मग नाक पुसून तिनं विचारलं, “आत्या, खोकी गेल्यापासून खात्यात तासाला किती पंप निघतायत?”

निघत होते सत्तावीस. भिंगरीनं रोजचे आकडे काढले, पुसलेले नऊच्या नऊ पाय परत आणले, आणि सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवले. ती साहेबांना काय म्हणाली ते दार बंद असल्यानं कोणाला ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, “पुन्हा चाचणी. यावेळी बसायची जागा मशीनमध्ये टाकून. आणि खरं काम करायचं, खरं!”

आता खरं काम म्हणजे काय, ते या लोकांना कोणी शिकवलं होतं? पहिल्यांदा सगळे पैलवान, तर दुसऱ्यांदा सगळे रुग्ण. तात्या टोप घालून आत गेले ते कमरेवर हात ठेवून, “आई गं” करत. एक नट आवळायचे, एक उसासा टाकायचे. पडद्यावरची बाहुली इतकी वाकली की कॉम्प्युटरनं धोक्याची लाल खूण दाखवली.

“तात्या!” भिंगरी ओरडली. “अहो, लग्नातही नको आणि मयतातही नको. कारखान्यातलं दाखवा!”

तात्यांनी टोप वर करून तिच्याकडे बघितलं, जरा ओशाळले, आणि मग निमूट काम करायला लागले. दोन पंप उभ्यानं, दोन बसून. तेही आत्यासारखेच मागे न बघता, तिथे ठेवलेल्या स्टुलावर टेकले. बाहेर आल्यावर आत्याच्या जवळून जाताना म्हणाले, “गुडघ्याला शेक देतेस का नाही?” आठ दिवसांनंतर एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

शेवटी आत्याची पाळी. तिनं टोप घातला, पट्टे बांधून घेतले, छातीचे ठोके मोजणारा एक नवा पट्टासुद्धा. पुन्हा तेच सुंदर खातं, पण या वेळी टेबलामागे एक बैठक दिसत होती, हिरवी, हवी तशी वर-खाली होणारी. आत्या काही तिच्यावर भाळली नाही. जो एकदा पडला तो टोपातल्या बैठकीवर काय विश्वास ठेवणार? तीन पंप झाले, पाय मागे गेला, अडला. तिनं एक हात नटांवरून काढला आणि मागे चाचपून बघितलं. हाताला हातमोजे लागले, जुने, जोडून शिवलेले. भिंगरीनं गोदामातून तिचं खोकं शोधून, खिळा ठोकून, बरोब्बर बैठकीच्या जागी आणून ठेवलं होतं.

आत्या बसली. मस्त ऐसपैस बसली. एक पंप झाला, दुसरा घेतला, आणि तेवढ्यात दारात बुटांचा आवाज आला. तो आवाज ती झोपेतसुद्धा ओळखेल. साहेब. भिंतीपाशी तात्यांच्या हातून सवयीनं काहीतरी खाली पडलं. टण्ण!

आत्याची टाच उचलली गेली. खोकं एवढंसं मागे सरकलंसुद्धा. गुडघा, टाच, पाठ, सगळं सव्वीस वर्षांच्या सवयीनं म्हणत होतं: ऊठ.

“आत्या,” भिंगरी हळूच म्हणाली, “तुझी छाती किती धडधडतेय ते सगळ्यांना पडद्यावर दिसतंय हं.”

“दिसू दे,” आत्या म्हणाली. तिनं टाच खाली टेकवली आणि पुढचा नट आवळायला घेतला.

बुटांचा आवाज तिच्या टेबलाशी येऊन थांबला. सहा नट झाले. तिनं पंप बाजूला ठेवला आणि बसल्या बसल्याच हात पुढे करून म्हणाली, “पुढचा द्या, साहेब, उभे आहात तर.”

साहेबांनी दिला.